चार बेस आणि कॉईलवाल्या मामी

मामींच्या दुकानात जाणाऱ्या माणसाला आधी गप्प बसायला शिकावं लागे. शटरच्या कडेला एका खिळ्याला शाळेतली पाटी टांगलेली असायची. तिच्यावर खडूनं 'मोजते आहे' असं लिहिलेलं दिसलं, की बाहेरच्या बाकड्यावर बसून राहायचं. आत मामी हाताच्या यंत्रावर तांब्याची तार गुंडाळत असायच्या आणि वेढे चांगले मोठ्यानं मोजत असायच्या. "एक्क्याऐंशी, ब्याऐंशी, त्र्याऐंशी..." मध्येच कुणी "मामी!" म्हणून हाक मारली, तर त्या थांबायच्या, चष्म्यावरून त्या माणसाकडे बघायच्या आणि गुंडाळलेली सगळी तार उलटी सोडून पुन्हा एकपासून सुरू करायच्या. शिव्या नाहीत, रागावणं नाही. हाक मारणारा बिचारा बाकड्यावर बसून दुसऱ्यांदा तेच आकडे ऐकायचा. पुढच्या वेळी तो आपोआप पाटी वाचायला लागे.

यंत्राला वेढे मोजायचा काटा होता. मी एकदा विचारलं, "मामी, काटा हाय की. मग तोंडानं कशाला मोजता?"

"काटा चुकतोय," त्या म्हणाल्या. "मी न्हाई चुकत."

मामींना जाऊन आता दोन वर्षं झाली. मी सांगलीत असतो, हॉलमध्ये आणि शाळांमध्ये साउंड बसवून देण्याचा माझा धंदा आहे. पण अजूनही कुणी माझ्यासमोर तांब्याच्या तारेचं रीळ सोडायला लागलं, की माझं बोलणं आपोआप बंद होतं.

त्यांचं दुकान आष्ट्यात, सांगली रस्त्याला होतं. त्यांचे मालक फौजेतून सुभेदार होऊन आले आणि त्यांनी मोटारी भरायचं दुकान टाकलं. मोटार भरणं म्हणजे जळलेल्या पंपाची आतली तार काढून नवी गुंडाळणं. उसाच्या पट्ट्यात हे काम कधी संपत नाही. सुभेदार छातीच्या दुखण्यानं अचानक गेले, तेव्हा लोकांना वाटलं दुकान बंद होणार. तेराव्यानंतर दोन दिवसांनी मामींनी शटर उघडलं. लग्नाआधी त्या साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात कॉईल विभागात कामाला होत्या, हे तोवर गावात कुणाला माहीत नव्हतं. सुभेदार गिऱ्हाइकांशी बोलायचे, मागच्या खोलीत बसून मोटारी मामीच भरायच्या, हेही तेव्हाच उघड झालं.

त्या माणसांना नावानं ओळखत नसत. मोटारीवरून ओळखत. एखादा बागायतदार दारात आला की म्हणायच्या, "या साडेसात, बसा." एक निवृत्त हेडमास्तर होते, त्यांच्या विहिरीवर तीनची मोटार होती. त्यांना सगळ्यांसमोर "तीन एचपी" म्हणायच्या आणि ते ओ देत. मी 'चार बेस' होतो. तेव्हा मी मिरवणुकांत डीजे लावायचो आणि माझ्याकडे अठरा इंची स्पीकरच्या चार मोठ्या पेट्या होत्या, म्हणून. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

जळलेली कॉईल आली की आधी वास घ्यायच्या. नाकाजवळ धरून डोळे मिटायच्या आणि निकाल सांगायच्या. "ही लाइट कमी आल्यानं जळली." "ही पान्यात बुडाली हुती, खोटं सांगू नका." माणूस खोटंच सांगत असायचा. एकदा एकानं शपथ घेऊन सांगितलं की मोटार कोरडी होती. मामींनी त्याच्या हातात कॉईल दिली. "मग आतला गाळ कुठनं आला, आभाळातनं?"

त्यांची एकुलती एक मुलगी साताऱ्याला दिलेली. तिला मुलगा झाला तेव्हाची गोष्ट. मी बाकड्यावर बसलो होतो, पाटी लावलेली होती. आत फोन वाजला. शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्या काकूंनी आत जाऊन तो उचलला, ऐकला आणि आनंदानं त्यांच्या तोंडून शब्द फुटणार एवढ्यात मामींनी डावा हात वर केला. उजव्या हातानं हँडल फिरतच होतं. एकशे सात, एकशे आठ. काकू तोंडावर पदर धरून उभ्या. मी दारात उभा. एकशे चाळीसला मामी थांबल्या, तार कापली, टोकाला गाठ मारली, कॉईल फळीवर ठेवली. मग म्हणाल्या, "हं. आता सांगा." काकूंनी सांगितलं. मामी खाली फरशीवर बसल्या आणि पाच मिनिटं नुसत्या रडल्या. मग तोंड धुऊन पुढची कॉईल सुरू केली. ती कॉईल माझी होती.

डीजेवाल्यांचं काम त्यांच्याकडं कसं आलं, ते सांगायला हवं. मोठ्या साउंडमध्ये तीन तऱ्हेचे स्पीकर असतात. जाड आवाजाचा बेस, मधल्या आवाजाचा मिड आणि बारीक आवाजाचा भोंगा. कुठला आवाज कुणाकडं जायचा, याची वाटणी करतो तो क्रॉसओव्हर. आमच्या वेळी सगळ्यांकडं पॅसिव्ह असायचा. अ‍ॅम्प्लिफायरमधून पूर्ण ताकदीचा आवाज एकाच वायरीनं पेटीत जायचा आणि पेटीच्या पोटातल्या कॉईली आणि कपॅसिटर त्याची वाटणी करायचे. तयार मिळणाऱ्या कॉईली बारीक तारेच्या, मिरवणुकीत तासाभरात तापायच्या. कुणीतरी एक मामींकडं घेऊन गेला. त्यांनी जाड तार लावून गुंडाळून दिली. पुढच्या दोन हंगामांत आष्टा, इस्लामपूर, पार पलूसपर्यंतचे साउंडवाले त्यांच्या बाकड्यावर बसायला लागले. मोटारींचं काम आणि डीजेचं काम निम्मं निम्मं झालं.

मामींना गाण्यांत रस नव्हता. पेटी तपासायला कुणी गाणं लावलं की बंद करायला लावायच्या. माइक हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "बोल."

"काय बोलू?"

"सकाळपास्नं काय काय केलंस ते बोल."

मग भर रस्त्यावरच्या दुकानात आपण आपल्या पेटीतून सांगायचं, की सकाळी उठलो, म्हशीचं वैरणपाणी केलं, आंघोळ केली. मामी पेटीकडं पाठ करून उभ्या राहायच्या. "गान्यात समदं झाकून जातंय," त्या म्हणायच्या. "मानूस बोलाय लागला की पेटीची चूक उगडी पडती. आवाज नाकातनं आला की समजायचं, वाटनी चुकली." आणि खरंच, मिड आणि भोंगा जिथं जुळतात तिथं गडबड असली, की आपलाच आवाज सर्दी झाल्यासारखा ऐकू यायचा.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना माझा भागीदार सुहास पुण्याला जाऊन अ‍ॅक्टिव्ह क्रॉसओव्हर बघून आला.

अ‍ॅक्टिव्हमध्ये वाटणी आधीच होते. मिक्सरमधून निघालेला आवाज अजून लहान असतो, तेव्हाच त्याचे भाग पाडायचे, आणि मग प्रत्येक भागाला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर लावायचा. पेटीत कॉईल नाही, कपॅसिटर नाही. बटण फिरवलं की वाटणी बदलते. सुहास पेटला होता. आम्ही सिस्टीम वाढवणार होतो, चाराच्या आठ पेट्या करणार होतो आणि या वेळी चुकलो असतो तर पुढची काही वर्षं चुकीचीच पेटी ओढत फिरलो असतो. पण अ‍ॅम्प्लिफायर वाढणार, वायरी तिप्पट होणार आणि बटणं कुणीही फिरवणार, याची मला धास्ती होती. रात्रंदिवस तेच डोक्यात. शेवटी म्हटलं, "मामींना विचारू."

सुहास हसला. "तिला काय इचारतोस? तिचा धंदा कॉईलीचा. ती अ‍ॅक्टिव्हला व्हय म्हनंल व्हय?"

त्याचं म्हणणं चुकीचं होतं असं नाही. तरी मी गेलो. पाटी नव्हती, दुपार होती, मामी भाकरी खात होत्या. मी समोरच्या खुर्चीत बसलो आणि सगळं सांगितलं. अ‍ॅक्टिव्ह म्हणजे काय, हे मी समजावून सांगायला लागलो तर त्यांनी हातानं थांबवलं.

"कळलं. पानी पाटात हाय तवाच दारं धरून वाफ्यावाफ्यात वाटायचं, असंच न्हवं?"

"व्हय. आपलं आत्ता पार लोंढा आल्यावर दारं धरल्यागत हाय."

मामी खूप वेळ चावत राहिल्या. मग म्हणाल्या, "तोंडानं कशाला भांडायचं? दोनी लावून बगू. एका अंगाला माजं, एका अंगाला तुज्या दोस्ताचं. रान बग कुठंतरी."

सुहासच्या चुलत्याचा ऊस नुकताच तुटून गेला होता. त्या मोकळ्या रानात आम्ही दुपारी टेम्पो नेला. सांगलीच्या एका ओळखीच्या साउंडवाल्याकडून अ‍ॅक्टिव्ह क्रॉसओव्हर आणि जादा अ‍ॅम्प्लिफायर उसने आणले. जनरेटर लावला. डावीकडं दोन बेस आणि त्यांच्यावर मिड-भोंग्याची पेटी, सगळं मामींच्या कॉईलीवर. उजवीकडं तशीच रास, पण अ‍ॅक्टिव्हवर. दोन्हींचा आवाज सारखा करून घेतला.

मामी रिक्षानं आल्या. नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला, पिशवीत स्क्रू ड्रायव्हर आणि कापूस. एवढी वर्षं डीजेवाल्यांचं काम केलेल्या बाई पहिल्यांदाच पूर्ण आवाजातल्या सिस्टीमसमोर उभ्या राहणार होत्या. त्यांनी आधी माइक माझ्या हातात दिला आणि डावीकडून, मग उजवीकडून बोलायला लावलं. मी सांगितलं, की मला झोप लागत नाही, निर्णय होत नाही. मग त्यांनी कानात कापूस घातला आणि म्हणाल्या, "लावा आता गानं. मिरवनुकीत लावता तेवढं. आनि मी सांगस्तवर बंद करू नका."

अर्धा तास वाजलं. कडेच्या बांधावरची माणसं लांब जाऊन उभी राहिली. मामी आधी दूर उभ्या होत्या. दहा-बारा मिनिटांनी त्या डाव्या राशीजवळ गेल्या आणि बेसच्या पेटीवर तळहात ठेवला. मग उजवीकडं गेल्या, तिथं ठेवला. पुन्हा डावीकडं आल्या. असं त्यांनी चार-पाच वेळा केलं. उन्हात त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

मग त्यांनी हात वर केला. आम्ही बंद केलं. कानात नुसती शीळ वाजत होती.

मामींनी स्वतःच्या हातानं डाव्या पेटीची मागची फळी उघडली. कॉईलीला उलटा हात लावला आणि झटकन मागं घेतला. मग वाकून वास घेतला. वॉर्निशचा वास मलाही आला, मी चार हातांवर उभा होतो. त्या तशाच वाकून राहिल्या. सुहास माझ्याकडं बघत होता. मी दुसरीकडं बघितलं.

"सुरवातीला दोनी पेट्या सारक्या हादरत हुत्या," त्या उभ्या राहत म्हणाल्या. "पाव तासानं डावी ढिली पडली. दम लागल्यागत. तुमाला कानानं कळलं न्हाई, पर हाताला कळतंय. अ‍ॅम्प्लिफायर देतोय तेवढं माजी कॉईल आत जाऊ देईना. निम्मं तीच खाती आनि तापून बसती."

"जाड तार घातली तर?" मी विचारलं. मला त्यांच्यासाठी वाट काढायची होती, हे आता कळतं.

"ह्याच्याहून जाड तार म्हंजे नांगराची साखळी. न्हाई रं. बेसला अ‍ॅक्टिव्ह घे. एवढ्या ताकदीला माजं काम न्हाई पुरत."

सुहासचं तोंड उघडंच राहिलं.

"पर वरच्या पेटीत माजीच ऱ्हाऊ दे," त्या पुढं म्हणाल्या. "मिड आनि भोंग्याला एवढी ताकद लागत न्हाई, तिथं कॉईल तापत न्हाई. हात लावून बग. आनि तुमची मानसं घाईत वायरी जोडत्यात. बेसची वायर चुकून भोंग्याला लागली, तर एका ठोक्यात पडदा फाटंल. माजा कपॅसिटर मदी असला तर जाड आवाज त्याच्यापतूर जातच न्हाई."

सुहास हळूच पुटपुटला, "निम्मं काम तरी राखलं म्हातारीनं." त्याला वाटलं कानात कापूस आहे. मामींनी कापूस कधीच काढून पिशवीत टाकला होता. त्या त्याच्याकडं वळल्या. "वरची पेटी उगड. हात लाव."

सुहासनं फळी उघडली, कॉईलीला हात लावला. ती कोमट होती, इतकीच. तो हात काढून घ्यायला लागला. "ठिव की हात," मामी म्हणाल्या, "भाजत न्हाई."

आम्ही त्यांचं ऐकलं. म्हणजे मी ऐकलं. सुहासनं हट्टानं एका बाजूच्या वरच्या पेट्याही अ‍ॅक्टिव्हवर टाकल्या, आणि पहिल्याच गणपतीत कुणीतरी वायरी उलट्या जोडल्या. एक ठोका पडला आणि त्या बाजूचे भोंगे गेले. दुसऱ्या दिवशी सुहास स्वतः आष्ट्याला गेला. पाटी लावलेली होती. तो तासभर बाकड्यावर बसला. आत गेल्यावर मामींनी त्याला काही ऐकवलं नाही. "किती पेट्या?" एवढंच विचारलं.

पण बेसच्या कॉईलींचं काम त्या दिवसापासून सुटलं ते सुटलंच. आमची सिस्टीम बघून बाकीच्यांनीही अ‍ॅक्टिव्ह घेतलं. मग आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या तयार पेट्या आल्या, आणि वरच्या कॉईलींचीही गरज राहिली नाही. बाकड्यावर पुन्हा फक्त पंपवाले दिसायला लागले. मी जाता-येता दुकानाकडं बघायचो आणि थांबायचं टाळायचो. दोनदा तर मी गाडीची काच वर केली. याची लाज अजून वाटते.

नंतर मामींचे अंगठे गेले. सांधे आखडले, तार ताणून धरता येईना. मुलीनं साताऱ्याला नेलं, दुकानाला कुलूप लावलं.

साताऱ्याला एका शाळेचं काम निघालं तेव्हा मी पत्ता काढून गेलो. मुलीचं घर एमआयडीसीच्या बाजूला होतं. मामी गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "या, चार बेस."

मी आधी इकडचं तिकडचं बोललो. मग मनातलं बोललो. "मामी, त्या दिवशी मी रानात ते सगळं केलं नसतं, तर तुमचं काम एवढ्या लवकर गेलं नसतं."

मामी हसल्या. "येडा हायस का? मला आदीच म्हाईत हुतं."

"काय म्हाईत हुतं?"

"कॉईल पुरत न्हाई ते. तुज्या आदी सात-आठजनांच्या काळ्या पडून आल्या हुत्या. मी जाड तार घालून परत गुंडाळून दिल्या. लोकं अ‍ॅम्प्लिफायर वाढवाय लागली. मी तार किती वाढवनार?"

"मग त्यांना सांगितलं का न्हाई?"

"कुनी इचारलं?" त्या अगदी सहज म्हणाल्या, तक्रार म्हणून नाही. "समदी यायची, मामी, ही जळली, दुसरी गुंडाळा. मालक हुते तवा बी लोकं त्यांनाच इचारायची, आनि मी आतनं ऐकायची. तू आलास, म्होरं बसलास आनि म्हनलास, मामी, काय करू? तवर मला तसं कुनी इचारलं न्हवतं. मग खोटं कसं सांगू?"

खाली रस्त्यावर कारखान्याच्या पाळीची बस थांबली, माणसं उतरली, बस गेली.

मग मामी म्हणाल्या, "आता मी तुला इचारते. जावई म्हनतोय दुकान मोडा. लेक काय बोलत न्हाई. माजं मन म्हनतंय, उन्हाळ्यात जरा अंगठं सुटलं की परत जावं. पंपाची मानसं अजून फोन करत्यात. ठिवू का मोडू?"

त्यांनी हात मांडीवर ठेवले होते. अंगठे तळहाताकडं वळून तसेच राहिले होते. चहाचा कप त्यांनी मघाशी दोन्ही तळव्यांत धरून उचलला होता, हे माझ्या लक्षात आलं होतं. 'ठेवा' म्हणावं, असं फार वाटत होतं. त्यांना बरं वाटलं असतं, मलाही. दुकान बंद का असेना, पण आहे, हे आष्ट्यावरून जाताना दिसलं असतं.

"मोडा, मामी," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "मला बी तसंच वाटत हुतं. पर माज्या तोंडानं निगत न्हवतं."

पुढच्या आठवड्यात सुहास आणि मी टेम्पो घेऊन गेलो. मामी आदल्या दिवशीच गिरणीवाल्या काकूंकडं येऊन राहिल्या होत्या. फलटणकडचा एक मोटार भरणारा यंत्र घ्यायला आला होता. मामींनी त्याला तेल कुठं घालायचं, हँडल कुठल्या अंगाला जरा दाबून फिरवायचं, हे इतक्या वेळ सांगितलं, की तो शेवटी वहीत लिहायला लागला. बाकीचं सामान सुहासनं एकट्यानं भरलं. मला हात लावू दिला नाही. एका खोक्यात जळक्या कॉईली होत्या, त्या काकूंनी भंगारात द्या म्हटलं. मामींनी एक-एक उचलून बघितली आणि "द्या" म्हणाल्या.

शटर ओढताना त्या रस्त्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या. मग टेम्पोत पुढं माझ्या शेजारी बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. सुहास मागं सामानात बसला, मी चालवत होतो. इस्लामपूर गेलं, पेठ नाका आला, आम्ही साताऱ्याच्या रस्त्याला लागलो, तरी त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. मला रडू येईल अशी भीती होती.

कराडच्या अलीकडं मामींनी पदरानं तोंड पुसलं आणि समोर बोट दाखवलं.

"ती म्होरची गाडी लय धूर सोडतीया," त्या म्हणाल्या. "तिला मागं टाक."

मी गिअर बदलला.